अण्णांच्या वहीतल्या लेकी

८ सप्टेंबर २०२५, सोमवार

लागले एकदाची कामाला! आठ महिने घरी बसून आईच्या हातच्या पोळ्या खाल्ल्या आणि शेजारच्यांच्या चौकश्या गिळल्या. आजपासून दोन्ही बंद. ही डायरी बाबांनी दिली. जुन्या सालाची आहे, वार जुळत नाहीत, पण पानं कोरी आहेत. तारखा मी हातानं टाकणार.

ऑफिस बाळकुमला. दुसरा मजला, खाली चष्म्याचं दुकान. आम्ही सगळे मिळून सहा जण. वेबसाइट बनवतो, हॉलवाल्यांच्या, क्लासवाल्यांच्या, दाताच्या डॉक्टरांच्या, जो येईल त्याच्या. मालक धनेश, पस्तिशीचा असेल. बोलतो भरभर, पण माणूस वाईट वाटला नाही. टेबल खिडकीजवळचं मिळालं. समोर तीन टॉवर आणि त्यांच्या मध्ये एक बुटकं देऊळ, जागा दिली नाही तरी बसणारच म्हणून बसलेलं.

आईला बाळकुम म्हटल्यावर दोन गोष्टी झाल्या. पितृपक्षात कोण नवं काम धरतं म्हणून ती आधी करवादली, आणि पाच मिनिटांनी पदरानं डोळे पुसायला लागली. बाळकुम तिचं माहेर. आजोबा मिठागरात राबायचे, पावलांना भेगा पडलेल्या असायच्या आणि ती त्यांना खोबरेल लावायची, हे मी शंभरदा ऐकलंय. एकोणीस वर्षांत ती तिकडे गेलेली नाही. आजोबांच्या तेराव्याला परशुराममामानं, तिच्या एकुलत्या एका भावानं, हक्कसोडीचा कागद पुढे केला. वडिलांच्या जमिनीवर माझा हक्क नाही, असं लिहून बहिणींनी सही करायची आणि साडी घेऊन परत जायचं, अशी रीत. आईनं केली सही. माहेर तुटू नये म्हणून, असं ती सांगते. हिरव्या साडीचा रंग पहिल्या धुण्यात गेला, आणि माहेरचं बोलावणं त्यानंतर एकदाही आलं नाही. तरी दरवर्षी पोस्टानं राखी जाते! यंदाची लाल-पिवळी होती, पाकिटावर पत्ता मीच घातला. कसली आशा असते हिला, देव जाणे.

डब्यात वालाचं बिरडं, चार पोळ्या आणि झाकणात लिंबाचं लोणचं. आईची आत्या कोपरीला राहते. तिनं आईच्या लग्नात कुड्या घातल्या होत्या, त्या आई कानातून काढत नाही. एखाद्या रविवारी दोघींनी आत्याकडे जायचं ठरलं. मजेत गेला दिवस.

९ सप्टेंबर, मंगळवार

पहिलं काम मिळालं आणि मी खुर्चीतच ताठ झाले. बाळकुमच्या भोईर भावकीची वंशावळ साइटवर चढवायची. भोईर म्हणजे आईचं माहेर. काम घेऊन आलेला प्रफुल्ल हा परशुराममामाचा मुलगा, माझा सख्खा मामेभाऊ. गॉगल डोक्यावर, दोन फोन. मी ऋतिका म्हणून ओळख दिली तरी त्याच्या डोक्यात काही पेटलं नाही. मला शेवटचं पाहिलं तेव्हा मी आठ वर्षांची होते, तेव्हा सोडून दिलं. मीही बोलले नाही. धनेशला वाटायचं, नात्यातली पोरगी, काम कमी आणि चहा जास्त.

वंशावळ जमवली ती अण्णांनी, आईच्या चुलतकाकांनी. घरोघर फिरून, पेन्सिलनं, एका लांब वहीत. यंदाच्या शिमग्याला ते गेले. ती वही आता माझ्या टेबलावर आहे आणि कोणीतरी ती आधीच जशीच्या तशी टाईप करून ठेवलीय. रचना म्हणजे खोक्यात खोकं. प्रत्येक माणसाचं एक खोकं, त्यात नाव, बायको, आणि दोन कप्पे: ‘मुलगे’ आणि ‘लेकी’. त्या कप्प्यांत पुन्हा माणसांची खोकी, त्यांत पुन्हा कप्पे. मूळपुरुष धोंडीबापासून सात पिढ्या आत.

वहीच्या पहिल्या पानावर अण्णांनी लाल शाईनं लिहिलंय की यातलं नाव खोडायचं झालं तर आधी वही उतरवून घ्यावी आणि त्या नकलेत खोडावं, मूळ वहीत खोडू नये. चुकून गेलंच, तर त्या घरच्या माणसानं ते नाव आपल्या तोंडानं घ्यावं, मग परत लिहावं. धनेश हसला, म्हणाला, म्हाताऱ्यानं बॅकअपचे नियम लिहून ठेवलेत, आपल्या पोरांना कळत नाहीत ते.

जेवणाच्या सुट्टीत देवळात जाऊन आले. तिसऱ्या पायरीवर कोरलंय: कै. रखमाबाई, धोंडीबा भोईरची लेक. ही वहीतही आहे. पायरीवर पाय न ठेवता ओलांडून गेले, उगाचच.

१० सप्टेंबर, बुधवार

सापडली! पाचव्या पिढीत, आजोबांच्या खोक्यात. मुलगे: परशुराम. लेकी: शालू, दिली आंबिवलीस. आणि शालूच्या आत आणखी एक छोटं खोकं: ऋतिका. मी! अण्णा दोन वर्षांपूर्वी घरी येऊन चहा पिऊन गेले होते, तेव्हा माझं नाव दोनदा विचारून लिहून घेतलं होतं. मला वाटलं होतं, म्हाताऱ्याला ऐकू येत नसेल.

घरी सांगितलं. आई स्वयंपाकघरात गेली, नळ सोडून उभी राहिली. मग बाहेर येऊन विचारलं, शालूच लिहिलंय ना, कागदोपत्रीचं शालिनी नाही ना. शालूच, म्हटल्यावर तिनं शिरा केला. बाबा म्हणाले, आज काय आहे? आई म्हणाली, काही नाही, आज मी सापडले.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

प्रफुल्लचा निरोप आला. वंशावळीतून ‘लेकी’ हा कप्पा काढून टाकायचा. सगळीकडून, अगदी आतल्यातून सुद्धा. जमिनीवर टॉवर व्हायचाय, बिल्डरचा वकील हीच साइट उघडून वारस बघणार, आणि सह्या न केलेल्या चार-दोन म्हाताऱ्या अजून जिवंत आहेत. वर हेही ऐकवलं की आमच्यात लेकींचा नाव लावत नाय, दिली ती गेली. नवरात्र बसायच्या आत साइट चालू झाली पाहिजे.

मेल्याचं तोंड बघावंसं वाटेना! अण्णांनी घरोघर पाय झिजवले ते काय गंमत म्हणून? मी धनेशला म्हटलं, हे बरोबर नाही. तो म्हणाला, डेटा त्यांचा, साइट त्यांची, आपण कोण? शिवाय मला तीन महिने बघूनच कायम करायचं ठरलंय, याची आठवणही गोड आवाजात करून दिली.

आईला सांगायचं नव्हतं, पण चेहरा बघून तिनं काढून घेतलंच. वाटलं, रडेल, चिडेल. कसलं काय! म्हणाली, काढून टाक गं, सही तर मीच दिलीय, एवढ्यावरून लागलेली नोकरी घालवू नकोस. मी म्हटलं, बुधवारी शिरा केलास तो कशाला मग? त्यावर तिनं दिवा लावायला घेतला.

१५ सप्टेंबर, सोमवार

केलं. मीच केलं, हे इथं नोंदवून ठेवते.

छोटंसं फंक्शन. खोकं उघडायचं, ‘लेकी’ दिसली की कप्पा काढायचा, राहिलेल्या खोक्यांत शिरून तेच पुन्हा करायचं. पहिल्यांदा चालवलं तर फक्त सगळ्यात वरच्या लेकी गेल्या, आतल्या तशाच. धनेशनं मागे उभं राहून एका नजरेत चूक काढली. आतल्या खोक्यात शिरताना हातात मूळ खोकं येत नाही, त्याची नक्कल येते. मी नकलेतून काढत होते आणि मूळ शाबूत राहत होतं. नावाआधी ते ‘&’ जिलबीसारखं चिन्ह लाव, म्हणजे थेट मुळावर चालेल, असं तो म्हणाला. बरोबरच आहे, कुठल्याही पुस्तकात हेच सापडेल.

लावली जिलबी. आधी एक प्रत काढून ठेवायची असते, हे शेंबड्या पोराला कळतं. मला राग आला होता आणि ते काम डोळ्यांपुढून जायला हवं होतं, म्हणून नाही काढली. प्रफुल्ल दर दहा मिनिटांनी फोन करत होता तेही आहेच. दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी चालवलं. दोनशे सतरा लेकी, एक सेकंदसुद्धा लागला नाही. आईला सही करायला निदान पेन शोधावं लागलं होतं.

प्रफुल्लनं अंगठा पाठवला.

१६ सप्टेंबर, मंगळवार

वही उघडली. धोंडीबाच्या नावाखाली रखमाबाई नाही. खोडलेली नाही, खोडरबराचा चुरा नाही, कागद खरवडलेला नाही. तिथे ओळच नाही. मुलांची नावं जवळ सरकल्यासारखी दिसतात.

मी चुकीचं पान बघतेय असं समजून दुपारी देवळात गेले. तिसरी पायरी गुळगुळीत. हात फिरवला, गार दगड, बाकी काही नाही. पुजाऱ्याला विचारलं तर म्हणाले, या पायरीवर कधी काही नव्हतंच. मी गेल्या मंगळवारी वाचलंय हो! ते माझ्याकडे अशा नजरेनं बघायला लागले की मी निघून आले.

१७ सप्टेंबर, बुधवार

वहीतून आणखी दोन पिढ्यांच्या लेकी गेल्या. वरून खाली, एकेक थर. फंक्शन जसं आत शिरतं तसंच. कॉम्प्युटरवर एका सेकंदात झालेलं काम इथं सावकाश चाललंय.

धनेशला ऑफिसचा रोज आपोआप निघणारा बॅकअप काढायला लावला. शुक्रवारचा, त्याच्या आदल्या दिवसाचा. ‘लेकी’ कप्पा एकातही नाही. धनेश म्हणतो, तो कधी नव्हताच. अरे, तूच मला जिलबी लावायला सांगितलीस! त्याला आठवत नाही. त्यानं मला लवकर घरी जायला सांगितलं, पाणी पी म्हणाला.

प्रफुल्लला फोन केला, मुद्दाम विचारलं, तुमच्या वडिलांना बहीण आहे का हो? नाही म्हणाला. पण त्यात नवीन काय? एकोणीस वर्षं यांना आई आठवलेली नाहीच. हे विसरलेत की पुसलं गेलंय, कसं ओळखायचं? दोन्हींची तोंडं सारखीच दिसतात. या घरात बाई विसरायची सवय आधीपासून होती, मी फक्त बटण दाबलं.

१८ सप्टेंबर, गुरुवार

आज चौथा थर. आजोबांच्या बहिणी.

आईला म्हटलं, रविवारी कोपरीला आत्याकडे जाऊ या. ती विळीवरून मान वर करून म्हणाली, कोण आत्या? मला कुठे आत्या होती?

तिच्या कानात कुड्या नाहीत. कानाला भोकंच नाहीत. पाळ्या लहान मुलीसारख्या कोऱ्या.

मला मोजता येतं. पाचवा थर आईचा आहे. अण्णांची वही पिशवीत घालून घरी आणलीय. चोरीच आहे, असू दे.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

रजा टाकली. सकाळपासून आईला समोर बसवलंय.

आईचं नाव वहीत अजून आहे, पण फिकट. मी वरून पेननं गिरवलं. शाई वाळली आणि गेली. अण्णांचा नियम: घरच्या माणसानं तोंडानं नाव घ्यावं, मग लिहावं. मी म्हटलं शालू, लिहिलं, गेलं. मी त्या घरची नाही. बाबांनी म्हटलं, लिहिलं, गेलं. तेही जावईच.

मग मला सुचलं. आई स्वतः त्याच घरात जन्मलेली आहे! तिला सगळं सांगितलं, पहिल्यापासून, जिलबीसकट. ती ओरडली नाही. माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, मी शालू. मी लिहिलं. तिनं एक पोळी लाटून तव्यावर टाकेपर्यंत टिकलं.

मी रडायला लागले. ती म्हणाली, मी त्या घरची कुठे राहिले गं, कागदावर लिहून दिलंय ना मी. हक्क सोडला म्हणजे हाही सोडलाच असेल. हे ती इतक्या सहज म्हणाली, दूध संपलंय म्हणावं तसं.

आई, मला माफ कर. तू काढून टाक म्हणालीस म्हणून मी काढायला नको होतं.

आता त्या घरचा एकच माणूस उरतो. परशुराममामा. त्याला फोन लावते, तो उचलत नाही. आई म्हणते, त्याला त्रास देऊ नकोस, सर्वपित्री झाल्यावर बोल. अजूनही त्यालाच जपतेय!

२० सप्टेंबर, शनिवार

फोडणीचा वास नाही.

ओट्याशी बाबा. पोळ्या वेड्यावाकड्या. म्हणाले, अगं, मीच करतो ना रोज.

लग्नाच्या फोटोत बाबा एकटे, फेटा बांधून, हात अर्धा उचललेला. कोणाच्या हातात तो दिला होता, विचारलं. चष्मा काढून फोटो डोळ्यांजवळ धरला. म्हणाले, आठवत नाही बाळा, पण हा फोटो बघितला की जेवण जात नाही.

कपाटात हिरवी साडी नाही. डब्याच्या झाकणाला लोणच्याचा डाग आहे. तेवढाच आहे. धुणार नाही.

वहीत आजोबांच्या खाली: परशुराम. बस.

या डायरीत आईचं नाव अजून आहे. ही डायरी त्यांची नाही, म्हणून असेल. शालू. शालू. शालू.

माझं नाव तिच्या आत होतं. ती गेली तर मी अजून कशी — उद्या. थर उद्याचा.

२१ सप्टेंबर, रविवार, सर्वपित्री

बाळकुम. मामाच्या इमारतीच्या जिन्यात बसून लिहितेय. दुपारचे दोन.

खाली वॉचमननं अडवलं नाही. मी त्याच्या समोरून गेले, त्यानं बघितलंच नाही. दोनदा हाक मारली त्याला.

गच्चीवर सगळे होते. कठड्यावर कावळ्याला पान वाढलेलं. खीर, वडे, भाजी. कावळे पलीकडच्या टाकीवर बसून, कोणी येईना. वकील होता. प्रफुल्लनं माझ्याकडे पाहिलं, म्हणजे माझ्या जागेकडे, आणि फोनवर बोलत राहिला.

मामा म्हातारा झालाय. आजोबांसारखीच पावलं. तो एकटा मला बघत होता — नीट, डोळ्यांत. तू कोनाची गो, विचारलं.

सांगितलं सगळं. पाया पडले. म्हटलं, मामा, जमीन नको, टॉवर तुझाच. फक्त एकदा नाव घे तिचं. वही आणलीय, पेन आणलंय, तू म्हण, मी लिहिते. तुझ्याशिवाय कोणी नाही आता.

त्यानं वकिलाकडे बघितलं. प्रफुल्लकडे बघितलं. मग म्हणाला, मना बहीन नाय.

आणि सदऱ्याची बाही खाली ओढली.

त्याआधी मी बघितलं. मनगटावर राखी. लाल-पिवळी. दीड महिना झाला, रंग उडालाय, काढली नाही. स्वतःच बांधली असणार, एका हातानं, दातात धरून.

तो विसरलेला नाही. फंक्शन त्याच्यापर्यंत पोचलंच नाही. सगळे विसरले, बाबा विसरले, आणि ह्याला आठवतंय — आठवतंय आणि —

कावळे उठून गेले. पान तसंच.

वही उघडलीय मांडीवर. हाताची सावली पानावर पडत नाही —

पावलं. वरून. मामा जिन्यात आलाय. एकटा. बाही अजून मुठीत धरलीय. चार पायऱ्या वर थांबलाय, मला शोधतोय, इथेच आहे मी, इथे — तोंड उघडतोय —

म्हण ना. दोनच अक्षरं आहेत, मामा. कोणी ऐकत नाही. मी लिहायला बसलेय, पेन टेकवलंय, तू म्हण, शा